काकीला कॉम्प्युटरात घालताना

मला राग आला की माझा आवाज चढत नाही, उतरतो, आणि शब्द एकेक नीट निवडून यायला लागतात. घरचे म्हणतात, ही रागावली की बघायला तिकीट लावावं. लावा की. ही गोष्ट सांगताना तर लावाच, कारण इतकी वर्षं गेली, माझे केस पांढरे झाले, रंगवून परत काळे झाले, पण त्या संध्याकाळचा राग जसाच्या तसा आहे. त्याला बुरशीसुद्धा लागलेली नाही.

माझं माहेर तासगावच्या अलीकडचं. जैन शेतकऱ्याचं घर, द्राक्षाची बाग, बागेच्या कडेला बेदाण्याची शेड, आणि सूर्य मावळायच्या आत जेवण. दिवे लागल्यावर आमच्याकडे कुणाच्या तोंडात घास जात नसे. त्यातून जेवताना बोलायचं नाही, असाही नेम होता. मौन. भाजी हवी असली तर वाटीकडे बोट करायचं, मीठ हवं असलं तर चिमटी दाखवायची. मला बोलण्याचा हव्यास लहानपणापासून, त्यामुळे मी माझं अर्धं आयुष्य खाणाखुणा करण्यात घालवलेलं आहे. आता ते भरून काढते आहे, असं नवरा म्हणतो.

नव्वदच्या दशकात टीव्हीवर जे काही बघण्यासारखं असे, ते नेमकं आमच्या जेवणाच्या वेळेला लागायचं. टीव्हीवाल्यांना आमच्या सूर्याशी काय देणंघेणं? म्हणून अण्णांनी व्हीसीआर आणला. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते, घराचे कर्ते, आणि या गोष्टीतले माझे मुख्य शत्रू. पद्धत अशी ठरली: कार्यक्रम सुरू झाला की अण्णांनी रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं, टीव्हीचा आवाज पार बंद करायचा, आणि सगळ्यांनी पाटावर जाऊन बसायचं. आवाज बंद, कारण एक तर मौन, आणि दुसरं म्हणजे आतून आधीच सगळं ऐकू आलं तर नंतर बघण्यात राम काय? टीव्ही मुका असला तरी व्हीसीआर आपला सगळं ऐकून घ्यायचा. जेवणं झाली, भांडी झाली, की सगळं घर कॅसेट मागे फिरवून बघायला बसे.

कॅसेट एकच. रोज तीच. कालचं पुसून त्यावर आजचं.

"कालचं आज कशाला पायजे?" अण्णा म्हणायचे. "साठवायची सवय वाईट. अपरिग्रह म्हणून काय हाय का न्हाई?"

अपरिग्रहावर व्याख्यान देणाऱ्या या माणसाच्या कपाटात सोसायटीत झालेल्या स्वतःच्या सत्काराची वेगळी कॅसेट होती. ती पिशवीत, पिशवी डब्यात, आणि डबा कुलपात. तीर्थंकरांच्या मूर्तीलाही आमच्याकडे इतका बंदोबस्त नव्हता.

अशात एका उन्हाळ्यात शेतीच्या कार्यक्रमासाठी टीव्हीवाले आमच्या शेडवर आले. अण्णांनी कोट घातला. भर उन्हाळा, पत्र्याखालची शेड, आत बेदाण्याला देतात त्या गंधकाच्या धुरीचा वास, आणि त्यात कोट! अण्णा बोलायला लागले. आधी जमिनीवर बोलले, मग पाण्यावर, मग सहकारावर आले, आणि तिथून देशाकडे वळणार इतक्यात मुलाखत घेणाऱ्या बाईंनी माईक फिरवला. पलीकडे बायका बेदाणा निवडत बसल्या होत्या. त्यांच्या पुढे माझी थोरली काकी, अण्णांची बायको, मांडीवर सूप घेऊन.

बाईंनी विचारलं, "काकी, चांगला बेदाणा कसा ओळखता? खाऊन बघता का?"

काकीनं वर पाहिलं आणि म्हणाली, "आवं बाई, आमी खातोय कुठं? आमी निवडतोय. खाणारं हितं कोटात उभं हाईत!"

आणि हसली. पदर तोंडाशी न्यायचा विसरली आणि हसली. मोकळी, मोठ्यानं, सुपातला बेदाणा हलेपर्यंत. मी तिच्या अंगाखांद्यावर वाढलेली, पण मी ते हसणं त्याच्या आधी कधी ऐकलं नव्हतं. कसं ऐकणार? ती कायम चुलीपाशी, आम्ही कायम मौनात.

कार्यक्रम पावसाळ्यात लागला, आणि अर्थातच जेवणाच्या वेळेला लागला. काकी वाढत होती. टेप फिरत होती. नंतर निम्मी गल्ली आमच्या सोप्यात बसली होती. अण्णांचं भाषण संपेपर्यंत तीन म्हाताऱ्या पेंगायला लागल्या होत्या, पण काकीचं वाक्य आलं आणि लोक असे काही हसले की दारातलं कुत्रं उठून उभं राहिलं.

"परत लावा की ओ अण्णा!" कोणीतरी ओरडलं.

"सारखी फिरवून खराब होती कॅसेट," अण्णा म्हणाले आणि बटण दाबून टाकलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या.

म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या हसण्यावर बातम्या छापल्या जाणार, हे ठरलेलंच होतं. काकीनं मला सकाळी परसात गाठलं. मी तेव्हा कॉलेजात होते.

"कॅसेटच्या पाठीवर एक टिकली असती, ती मोडली की पुसत न्हाई, म्हणालतीस. कुठली गं ती?"

मी दाखवली. व्हिडिओ कॅसेटच्या कडेला प्लास्टिकचा तो एवढासा तुकडा असे. तो जाग्यावर असला तरच मशीन रेकॉर्डिंग करतं. काकीनं विळीचं टोक घातलं आणि कट्. घेवड्याची शेंग मोडावी तसं.

संध्याकाळी अण्णांनी बटण दाबलं, मशीननं कॅसेट बाहेर थुंकली. परत घातली, परत थुंकली. अण्णांनी मशीनला दोन चापट्या मारल्या. मेकॅनिक बोलावला. त्यानं कॅसेट उलटी केली, मोडलेल्या जागेवरून बोट फिरवलं, मान वर केली. काकी त्याच्यापुढे चहा घेऊन उभी. त्यानं चहाकडे बघितलं, काकीकडे बघितलं, आणि अण्णांना म्हणाला, "मशीन झ्याक हाय. कॅसेट म्हातारी झालीया. नवी घ्या." असल्या माणसांमुळे जग चाललं आहे.

जुनी कॅसेट काकीच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत गेली. अण्णा पलूसला पाहुण्यांकडे गेले की ती बाहेर निघायची. गल्लीतल्या बायका दार लोटून बसायच्या, काकी स्वतःला हसताना बघायची आणि परत हसायची. मग पावसाळ्यामागून पावसाळे गेले, माझं लग्न होऊन मी साताऱ्याला आले, माहेरचा व्हीसीआर मरून गेला, आणि ट्रंकेतल्या कॅसेटच्या फितीला कडेनं पांढरी बुरशी धरायला लागली.

दशक संपत आलं तेव्हा एकदा दुपारी मला फोन आला. काकीचा. ती फोनवर नेहमी नदीपलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखी बोले.

"दादाच्या त्या पेटीत म्हणं टीव्हीतलं घालता येतंय?"

दादा म्हणजे काकीचा मुलगा, माझा चुलतभाऊ. सांगलीत नोकरीला होता आणि त्यानं नुकताच कॉम्प्युटर घेतला होता. त्यात एक कार्ड बसवलं होतं, ज्याला व्हीसीआर जोडला की चित्र कॉम्प्युटरात उतरतं, असं तो प्रत्येक फोनवर मला न विचारता सांगत असे.

"येतं की," मी म्हणाले.

"मग मला घाल त्यात. फित सुटाय लागलीया. ती हाय तवर मला एकदा ठेव बाई कुठंतरी. पुसणार न्हाई अशा जागी."

मागणं एवढंच होतं. बाईनं आयुष्यात माझ्याकडे मागितलेली पहिली गोष्ट. नाहीतर तिनं मला दिलंच होतं, आमच्याकडच्या बायकांसारखं "येतो, जातो" म्हणत, पुरुषासारखं बोलत आणि बाईसारखं राबत.

चालणारा व्हीसीआर आता फक्त माझ्या घरी, साताऱ्यालाच होता. तो मी चादरीत गुंडाळला आणि सांगलीच्या एस.टी.त मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर आला.

"ताई, काय हाय त्यात?"

"व्हीसीआर."

"लगेज लागंल."

"मांडीवर आहे की. बाळ असतं तर लावलं असतंत का लगेज?"

"बाळाला वायर नसती," तो म्हणाला. पण सोडलं त्यानं. वर कराडला चहा प्यायला उतरताना मागे वळून म्हणाला, "बघा, रडंल." मला तो माणूस अजून आवडतो. या गोष्टीत आवडण्यासारखे पुरुष दोनच, एक तो मेकॅनिक आणि दुसरा हा.

दादाच्या घरी पोचले तर अण्णा आधीच येऊन बसलेले. मुलाखत कॉम्प्युटरात घालायची म्हटल्यावर त्यांना वाटलं, आपली. काकीनंही तसंच वाटू दिलं असणार, नाहीतर त्यांनी तिला गावाहून आणलंच नसतं. वहिनी माहेरी गेली होती, म्हणून काकी आल्या आल्या पदर खोचून लेकाच्या स्वयंपाकघरात शिरली. चातुर्मास चालू होता. जेवणं वेळेत व्हायलाच हवीत.

कॉम्प्युटरची खोली म्हणजे देवघर. चपला बाहेर. वर भरतकामाचा रुमाल. दादानं रुमाल काढला, घडी घातली, बाजूला ठेवला, आणि खुर्चीत असा बसला की आता विमान उडणार.

"हे बघ," तो मला म्हणाला, "टेप चालत राहणार आणि हा ती बघत राहणार. जेवढा वेळ टेप, तेवढाच वेळ. घाई चालत नाही. आणि पोटात जागा कमी आहे याच्या. अख्खा कार्यक्रम काही मावणार नाही. थोडाच भाग घेता येईल."

"मग सुरुवातीपासनं घे," अण्णा म्हणाले. "माझा परिचय हाय त्यात. शेतीनिष्ठ म्हणाल्यात."

"अण्णा," मी म्हणाले, "काकीचा भाग शेवटी आहे. सुरुवातीपासून घेतलं तर जागा तुमच्यावरच संपेल."

"संपू दे की! तिचं काय हाय त्यात? नुसती हसतीया."

माझा आवाज उतरला. स्वयंपाकघरात पोळपाट वाजत होता तो थांबला. म्हणजे ऐकू गेलं होतं.

"नुसती हसतीय, तेच घ्यायचं आहे," मी म्हणाले. "तुमचं बोलणं तुम्ही अजून रोज करता. ते आम्हाला आयुष्यभर फुकट आहे. ते साठवायचं कशाला? अपरिग्रह म्हणून काही आहे का नाही?"

दादानं खाली मान घालून खोकल्यासारखं केलं. अण्णा खुर्चीत पुढे सरकले.

"पोरी, तू मला शिकवू नको. कॉम्प्युटर माझ्या ल्योकाचा हाय."

"आणि व्हीसीआर माझा आहे," मी म्हणाले. "आत्ता चादरीत बांधते आणि पुढची गाडी धरते. घाला मग परिचय कॉम्प्युटरात तोंडानं!"

मी खरंच चादर उलगडायला घेतली. नाटक होतं का? अर्धं. उरलेलं अर्धं मला स्वतःलाच भीती वाटेल इतकं खरं होतं. शेवटी दादानं तोड काढली: काकीच्या जरा आधीपासून सुरू करायचं. म्हणजे अण्णांचा सहकारही येईल आणि काकीही येईल. अण्णा म्हणाले, "आणि कोट?" दादा म्हणाला, "कोट आहेच की सगळीकडे." तेव्हा कुठे अण्णा मागे टेकले.

दादानं व्हीसीआर आधी शेजारच्या टीव्हीला जोडला आणि टेप पुढे घेतली. चित्रावर बुरशीच्या पांढऱ्या रेघा, मधूनच बर्फ पडल्यासारखं. पण काकी होती. टीव्हीतून तिचा आवाजही आला, जरा घोगरा, पण आला. मी स्वतः ऐकला. म्हणून तर राग आणखीच! दादानं टेप परत थोडी मागे घेतली, वायरी इकडच्या तिकडे झाल्या, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर एका चौकोनात आमचे अण्णा कोटासकट उभे राहिले. दादा असा हसला की जणू अण्णांना त्यानंच जन्माला घातलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकीची हाक. "चला, सूर्य चाललाय. पानं मांडलीत."

"तुम्ही बसा," मी म्हणाले, "मी इथं थांबते."

काकी दारात आली. हाताला पीठ. पडद्याकडे तिनं बघितलं नाही, आधी खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बघितलं. "सगळी बसल्याबगर मी बसणार न्हाई, आणि मी बसायचो म्हंजे आता वेळ उरला न्हाई. ऊठ. मशीन करतंय की त्याचं काम. मी मागनं बघतो निवांत."

तिला उपाशी ठेवून मी तिचं हसणं राखत बसणार होते की काय? उठले. आणि आता नीट ऐका, कारण माझ्या रागाचं मूळ इथं आहे. अण्णा उठले, आणि वर्षानुवर्षं जे केलं तेच त्यांनी केलं. "जेवायला बसतोय, आवाज बंद कर," म्हणाले. आणि दादानं, इंजिनियर झालेल्या, खोलीबाहेर चपला काढायला लावणाऱ्या दादानं, हात लांब करून टीव्हीचा आवाज बंद केला. दोघांच्याही अंगवळणी पडलेलं. आमच्या घरात रेकॉर्डिंग असंच व्हायचं. टीव्ही मुका, आम्ही मुके, मशीन ऐकणारं.

जेवणं झाली. मौनात. मी पोळीचा तुकडा मोडत होते आणि आतल्या खोलीत माझी काकी कॉम्प्युटरात शिरत होती. काकी शेवटी बसली, चार घासांत उरकलं, आणि उन्हाचा शेवटचा पट्टा भिंतीवरून जाता जाता चूळ भरून मोकळी झाली. तोंड पुसत म्हणाली, "चला, दाखवा मला मी."

आम्ही सगळे खोलीत. काकीला दादानं आपली खुर्ची दिली. फाइल उघडली. अण्णा आले, कोट आला, हात हलला, ओठ हलले. आवाज नाही.

"स्पीकर लावायचा राहिला," दादा म्हणाला. स्पीकर लावलेलाच होता. त्यानं त्याचा कान पिळला. आवाज नाही. अण्णा सहकारावर बोलत होते, तोंड उघडत होतं, मिटत होतं. ती एक सुंदर गोष्ट होती हे मला मान्य करावंच लागेल. काकीसुद्धा जरा वेळ हरखून बघत होती. मग बाईंचा माईक फिरला, आणि काकी दिसली. सूप मांडीवर. ओठ हलले. आणि मान मागे टाकून, पदर विसरून, काकी हसली. ठार मुकी.

"आवाज?" काकी म्हणाली.

दादा टेबलाखाली शिरला. बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा हातात एक बारीक वायर होती, जिचं एक टोक कशातच नव्हतं.

"चित्राची वायर वेगळी असते आणि आवाजाची वेगळी," तो म्हणाला. "ही लावायची राहिली. टीव्हीतून आवाज येत होता, मला वाटलं याच्यातही जातोय."

"मग टीव्हीचा बंद केलास तेव्हा बघायचंस ना, यातून काही येतंय का!"

"जेवायला बसायचं होतं. आणि आपण नेहमी..."

"आपण नेहमी!" मी म्हणाले. आणि पुढे जे म्हणाले ते इथं लिहिलं तर ही गोष्ट कुणी छापणार नाही. त्यात दादाच्या शिक्षणाचा उल्लेख होता, रुमालाचा होता, चपलांचा होता, आणि मौनाबद्दल असं एक वाक्य होतं की अण्णांनी दोन्ही कानांना हात लावले.

"काही बिघडलं नाही," दादा म्हणाला. "वायर लावली. परत चालवू."

त्यानं वायर लावली, कॅसेट मागे घ्यायचं बटण दाबलं. व्हीसीआरमधून कुणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज झाला. मग करकर. मग काहीच नाही. दादानं कॅसेट ओढली तर मागोमाग फीत लोंबत आली, चुरगळलेली, शेवयांचं गुंतवळ व्हावं तशी, आणि एका ठिकाणी तुटलेली. चिकटपट्टीनं जोडून पाहिलं. अण्णांचा परिचय चालू झाला, स्वच्छ, शेतीनिष्ठ वगैरे सगळं ऐकू आलं. आणि सूप दिसायच्या आधी पडदा पांढरा झाला तो झाला. नेमकी तेवढी फीत मशीननं चावली होती.

"चला," अण्णा म्हणाले, "माझं तरी वाचलं."

मी अण्णांकडे बघितलं. मला वाटतं, त्या क्षणी माझ्या हातात काही असतं तर ते त्यांना लागलं असतं. पण काकी माझ्या आधी उठली. ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. तिनं ती शेवयांसारखी फीत हातावर गोळा केली, पदरात धरली, आणि अण्णांकडे न बघता दादाला म्हणाली,

"लग्नात शूटिंग करतोय त्यो गडी, तासगावचा. त्येला सांग. उद्या शेडवर यायचं. मी परत बोलतो."

"आई, शेड रिकामी आहे आता. बेदाणा कुठं आहे?"

"मी कुठं रिकामी हाय?"

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना तो आला, खांद्यावर कॅमेरा आणि हातात मोठा दिवा. शेडमध्ये बेदाणा वाळवायच्या जाळ्या गुंडाळून ठेवलेल्या, पत्र्यावर पावसाची भुरभुर. काकी दाराच्या उंबऱ्यावर बसली, मांडीवर रिकामं सूप. मी मागे उभी. दादा कानाला मोठे हेडफोन लावून, वायर दोनदा, तीनदा तपासत. अण्णा लांब, आंब्याखाली, आपला काही संबंध नसल्यासारखे.

"काकी, जरा हसा," कॅमेरावाला सवयीनं म्हणाला.

"हसलो मी मागं," काकी म्हणाली. "त्ये मुकं गेलं. आता बोलतो, घे."

आणि ती बोलली. मी तिला कधी इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. गंधकाच्या धुरानं डोळे कसे चुरचुरायचे ते सांगितलं. सूर्य बुडायच्या आत सगळ्यांची पोटं भरून आपण शेवटच्या उन्हात घास गिळायचो, ते सांगितलं. "चावायला कवा वेळ गावला न्हाई मला," म्हणाली. आवाज चढला नव्हता, उतरला होता. मला माझा राग कुणाकडून आला हे मला तेव्हा कळलं.

"घरात रोजचं रोज पुसायचं," ती म्हणाली. "कालचं नको म्हणायचं. आणि स्वतःचं हार घालून घेतल्यालं कुलपात ठेवायचं. ह्येला अपरिग्रह म्हणत्यात व्हय? मी एवढं सूप धरलं जन्मभर, मला कोण इचारलं न्हाई गोड हाय का आंबट. एक बाई आली मुंबईसनं, तिनं इचारलं. तिला मी उत्तर दिलं तर ह्यांच्या कानाला आग लागली. मी नुसती हसतीया म्हणं! आवं, हसायला काय कमी लागतंय? मला तेवढं हसायला सगळा संसार लागला."

ऊन सरत आलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या वेळेला आमच्या चुलीवर काही नव्हतं. आंब्याखालून अण्णांची हाक आली, खणखणीत.

"पुरं आता! सूर्य चाललाय. चूल कोण पेटवणार?"

कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली घेतला. बिचारा ओशाळला होता. "काकी, मधी अण्णांचा आवाज आलाय. तेवढं काढून टाकतो मागनं."

काकीनं दादाकडे बघितलं. "आला व्हय त्यात? नीट ऐकू येतंय?"

दादानं हेडफोनवर हात दाबला आणि मान हलवली. स्वच्छ येत होतं.

"मग काढू नको," काकी म्हणाली. "राहू दे. मधीच कोण बोललं ते बी ऐकू दे लोकास्नी." आणि सूप मांडीवर नीट करून तिनं कॅमेरा परत वर घ्यायची खूण केली.